पान एकशे शहाऐंशीनंतर

द्राक्षांचा शेवटचा कंटेनर गेला,
शीतगृहाची घरघर थांबली,
आणि खतावणी मिटून मी
वाचनालयातून एक कादंबरी आणली.
मे महिन्यात मी एवढंच करते.
नणंद म्हणाली, या वयात प्रेमकथा?
म्हटलं, त्या वयात वेळ कुठे होता.

कादंबरीत एक तळं आहे,
काठोकाठ भरलेलं, भर उन्हाळ्यातसुद्धा.
लाल कौलांचं गेस्ट हाऊस. एक होडी,
जिचं भाडं इतक्या पानांत कुणीच देत नाही.
हिशेबनीस आहे मी, असलं काही डोळ्यांत खुपतं.
निवेदिता जलरंगात चित्रं काढते.
उदयन सतत भिजलेला असतो:
होडीतून पडून, दवात हिंडून,
एकदा तर नुसता नळ दुरुस्त करताना.
मी हसते, पान उलटते,
आणि हसू कधीच थांबलंय
हे पुढच्या पानावर लक्षात येतं.

बाहेर बेचाळीस.
मखमलाबाद रस्त्यावर डांबर चप्पल सोडत नाही.
पाणी एक दिवसाआड, पहाटे पावणेसहाला.
ती तिकडे वल्हं मारते
तेव्हा मी इकडे पिंप भरत असते,
एक बोट पुस्तकात अडकवून.
दोन-तीन पानं फुगलीत त्यामुळे.
म्हणजे गंगापूर धरणाचं थोडं पाणी
तिच्या तळ्यात गेलंय.

रविवारी यांना म्हटलं, धरणाच्या मागच्या अंगाला जाऊ.
पाणी पार आत सरकलेलं.
भेगाळलेल्या गाळात टिटव्या,
आणि एरवी बुडालेली एक विहीर
कोरडं तोंड उघडून बसलेली.
हे म्हणाले, पुरेल जूनपर्यंत.
मग बूट काढले, पेपर अंथरला,
तोंडावर माझा सनकोट घेऊन झोपले.

तिकडे होडीघरात कंदील विझला होता.
तिने त्याच्या ओल्या शर्टाच्या बटणाला
हात लावला, आणि

पान एकशे शहाऐंशी संपलं.
पुढे एकदम एकशे एक्याण्णव.
तिथे दोघं उपमा खातायत
आणि ती त्याला 'अहो' नाही, 'अरे' म्हणतेय.

दोन ओळी जरी असत्या!
'अहो'पासून 'अरे'पर्यंतचा अख्खा रस्ता
कुणीतरी फाडून नेला होता.

सोमवारी वाचनालयात क्षेमकल्याणी सरांनी
चष्मा कपाळावर चढवला.
'सगळेच विचारतात,' म्हणाले,
'तुम्ही जरा उशिरा विचारलंत.'
मागच्या पुठ्ठ्यावर तारखांचे शिक्के,
निळे, जांभळे, एक हिरवासुद्धा.
एकतीस मोजले.
एकतीस जण त्या बटणाशी अडकून परत गेले.

रात्री पॅकिंग लिस्टचे कोरे पाठकोरे घेतले,
एका बाजूला थॉम्पसन, पाचशे ग्रॅम, पेट्या बाराशे,
दुसऱ्या बाजूला मी.
होडीघर मला कुठलं ठाऊक?
मला एकच बटण ठाऊक आहे.
त्र्याण्णव साल, लग्नाला सहा आठवडे,
हे सातपूरला मुलाखतीला निघालेले
आणि दारातच ते तुटलं.
अंगावर शिवू नये म्हणतात.
पण बस नऊ दहाची होती.
यांच्या छातीशी वाकून दातांनी धागा तोडताना
मी म्हणाले होते, 'अरे, हलू नकोस.'
तेवढंच एकदा.
नंतर आम्ही दोघंही त्यावर काही बोललो नाही.
नोकरी मात्र लागली.

तेच लिहिलं. चार पानं भरून.
सुई निवेदिताच्या रंगांच्या डब्यात सापडवली,
उगाच कुणी शंका काढायला नको.
डिंक वाळायला सहा दिवस गेले,
सहा रुपये दंड भरला.
सरांनी पुस्तक न उघडताच शिक्का मारला.

आणि हो, शेवटच्या पानावर जाता जाता
उदयनला होडीचं भाडं
चुकतं करायला लावलंय.